आईबाबांच्या साध्या टीव्हीला स्वस्तातला मिनी कॉम्प्युटर लावायचाय, घरचे व्हिडिओ-फोटो-गाणी बघायला. काय घेऊ?

ओगलेवाडी

नमस्कार मंडळी,

आईबाबा कऱ्हाडला असतात, त्यांच्याकडचा टीव्ही 32 इंची फुल एचडी एलईडी आहे, स्मार्ट नाही, पण चित्र अजून एकदम छान आहे त्यामुळे तो बदलायचा नाहीये. एचडीएमआयचे दोन पोर्ट आहेत, एकाला फ्री डिशचा बॉक्स आणि दुसरा मोकळा. त्या मोकळ्या पोर्टला एक छोटा कॉम्प्युटर कायमचा लावून ठेवायचाय ज्यावर घरचं सगळं बघता येईल. घरचं म्हणजे माझ्या आणि बहिणीच्या लग्नाच्या व्हीसीडी-डीव्हीडी, भाच्याच्या मुंजीची व्हीसीडी, स्कॅन केलेले जुने फोटो, बाबांनी कॅसेटवरून एमपी3 करून घेतलेली कीर्तनं आणि नाट्यसंगीत, आणि आता फोनमधले नातवंडांचे व्हिडिओ. हे सगळं 1 टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर गोळा करतोय. ती डिस्क थेट टीव्हीच्या यूएसबीला लावून बघितली, फोटो दिसतात, पण व्हीसीडीच्या फायली उघडतच नाहीत आणि फोनचे काही व्हिडिओ चालतात काही नाही.

बजेट आठ हजारांपर्यंत. दुकानदार म्हणतो अँड्रॉइड बॉक्स घ्या, अडीच हजारात काम होईल. ऑफिसातला मित्र म्हणतो रास्पबेरी पाय घे, म्हणजे तो एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर. माझी मुख्य अट एकच आहे, आईला माऊस-कीबोर्ड जमणार नाही आणि तिच्या हातात तीन तीन रिमोट द्यायचे नाहीत. ज्या रिमोटने ती टीव्ही लावते त्यानेच हे चाललं पाहिजे. असं होऊ शकतं का?

खटपट्या

होऊ शकतं, आणि तुमची ती रिमोटची अट आहे ना, तीच सगळ्यात आधी धरून मशीन निवडा, रॅम-प्रोसेसर नंतर. लोक उलटं करतात, भारी मशीन आणतात आणि मग ते फक्त आणणाऱ्यालाच चालवता येतं, तो शहरात परत गेला की घरातल्यांसाठी ते बंदच.

तुमच्या कामाला रास्पबेरी पाय 4, 2 जीबीवाला, पुरेसा आहे. त्यावर लिब्रइलेक टाका. ही लिनक्सचीच एक अगदी आटोपशीर सिस्टिम आहे, चालू झाली की थेट कोडी उघडतं, बाकी काही नाहीच, डेस्कटॉप नाही, अपडेटच्या खिडक्या नाहीत, व्हायरस स्कॅनर नाही. कोडी म्हणजे पूर्वीचं एक्सबीएमसी, एक्सबॉक्स गेमिंग मशीनसाठी बनलेला प्लेअर, 2014 मध्ये नाव बदललं. फुकट आहे आणि बहुतेक कुठलीही फाइल वाजवतो, व्हीसीडीच्या डॅट फायलीसुद्धा.

पाय 3 कुणी स्वस्तात देत असेल तरी नका घेऊ, त्यात 1 जीबी रॅम आणि एचईव्हीसी, म्हणजे हल्लीचे फोन व्हिडिओ दाबून साठवतात ती पद्धत, हार्डवेअरमध्ये नाही, म्हणजे हल्लीच्या फोनचे व्हिडिओ अडखळणार. पाय 5 चांगला आहे पण तुमच्या कामाला जास्तीचा आहे, गरम जास्त होतो, पॉवर सप्लायही 5 अँपिअरचा मागतो.

बोर्डाबरोबर काय घ्यायचं ते नीट वाचा, कारण पाय चालत नाही, हँग होतो अशा ज्या तक्रारी येतात त्यातल्या बहुतेक इथल्याच असतात. एक म्हणजे पॉवर सप्लाय 5.1 व्होल्ट 3 अँपिअरचा, पायसाठीच बनवलेला घ्या. मोबाइलचा चार्जर लावू नका, त्यावर 3 अँपिअर लिहिलेलं असलं तरी, लोड आला की व्होल्टेज खाली येतं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दिसायला लागतं, मग डिस्क मधेच गायब होते. टीव्हीच्या यूएसबीमधून पायला पॉवर द्यायचा तर विचारही नको. दुसरं, पाय 4 ला मायक्रो एचडीएमआय असतं, नेहमीचं मोठं नाही आणि मिनीही नाही, तेव्हा केबल मायक्रो टू एचडीएमआय मागा आणि दुकानातच पिन बघून घ्या. दोन पोर्ट आहेत त्यातला पॉवरच्या पिनजवळचा वापरायचा. तिसरं, 16 किंवा 32 जीबीचं बऱ्या कंपनीचं मायक्रो एसडी कार्ड, सिस्टिम त्यावरच असते. आणि ॲल्युमिनियमची केस, जी स्वतःच हीटसिंकचं, म्हणजे उष्णता बाहेर टाकायचं काम करते, पंखा नसलेली. पंखेवाली केस वर्षभरात खरखर करायला लागते आणि घरात शांतपणे कीर्तन ऐकताना तो आवाज फार टोचतो.

कार्डावर सिस्टिम टाकणं सोपं आहे. लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर नावाचा प्रोग्रॅम घ्या, त्यात बोर्ड निवडायचा, मग मीडिया प्लेअरच्या यादीत लिब्रइलेक, मग कार्ड, आणि राइट. कार्ड पायमध्ये घालून चालू केलं की पहिल्यांदा स्वतःच जागा वाढवून घेतो, रीस्टार्ट होतो, मग भाषा-वायफाय विचारतो. झालं. डिस्क यूएसबी 3 च्या निळ्या पोर्टला लावा, एनटीएफएस किंवा एक्सफॅट असली तरी वाचतो, फॉरमॅट करायची गरज नाही. एक 2.5 इंची डिस्क पाय 4 सहज ओढतो, दोन लावायच्या असतील तर मात्र स्वतःचा ॲडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या.

भाव वरखाली होत असतात, रॅम महाग झाली की हे बोर्डही महागतात, त्यामुळे पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि ऑनलाइन दोन्हीकडे विचारून घ्या. पण सगळं मिळून तुमच्या बजेटात बसायला हरकत नाही.

जुनाबाजार

मी थोडं वेगळं सुचवतो. त्याच पैशात किंवा हजार-दोन हजार जास्त घालून कंपन्यांमधून निघालेले छोटे पीसी मिळतात, लेनोव्होचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी. पुस्तकाएवढा आकार, टीव्हीच्या मागे स्क्रूने बसतो. लॅमिंग्टन रोडला, पुण्यात, बंगळुरूच्या एसपी रोडला ढिगाने आहेत. हा पूर्ण कॉम्प्युटर आहे, कार्ड-बिर्ड भानगड नाही, आत एसएसडी आणि 8 जीबी रॅम, चालू-बंद करायला बटण आणि लिब्रइलेक यावरही चालतं, जेनेरिक नावाची इमेज घ्यायची.

घेताना इंटेलची सातवी पिढी किंवा पुढची बघा. सहाव्यात 10 बिटचा एचईव्हीसी हार्डवेअरवर नीट चालत नाही, सातव्यात चालतो, मॉडेलच्या नंबरात आय5 नंतर 7 ने सुरू होतं का बघायचं. ॲडॅप्टर बरोबर मिळतोय ना ते विचारा, प्रत्येक कंपनीची पिन वेगळी असते आणि नंतर शोधायला त्रास होतो. बऱ्याच पीसींमध्ये वायफाय कार्ड नसतं. बायोसला, म्हणजे पीसी चालू होतानाच्या मूळ सेटिंगला, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला असला तर तो पीसी घेऊच नका. आणि मागे फक्त डिस्प्लेपोर्ट असेल तर एचडीएमआयचा कन्व्हर्टर लागेल, आवाज त्यातूनच जातो, वेगळी वायर लागत नाही.

नवीनच हवं असेल तर इंटेल एन100 वाले छोटे डबे आहेत, 6 वॉटचा प्रोसेसर, एव्ही1 या आणखी नव्या पद्धतीचे व्हिडिओसुद्धा चालवतो, पण ते आठ हजारात नवीन बसणार नाहीत.

ओगलेवाडी

दोघांनाही मनापासून धन्यवाद, इतकं नीट कुणी सांगत नाही. जुन्या पीसीचा पर्याय मोहात पाडणारा आहे. पण त्यावर टीव्हीचा रिमोट चालेल का? आणि अँड्रॉइड बॉक्सबद्दल कुणीच काही बोललं नाही, तो एवढा वाईट आहे का? त्यात ओटीटी पण येईल असं दुकानदार सांगतोय.

रात्रपाळी

अँड्रॉइड बॉक्सबद्दल मी सांगतो कारण हे माझ्या रोजच्या कामाशी जोडलेलं आहे आणि मला याची खरंच काळजी वाटते.

अडीच हजारवाले जे बिननावाचे बॉक्स असतात ते गूगलने सर्टिफाय केलेले नसतात, टीव्हीसाठीचं खरं अँड्रॉइड टीव्ही त्यात नसतंच, फोनचं अँड्रॉइड टीव्हीवर बसवलेलं असतं. 2023 च्या जानेवारीत टी95 नावाच्या अशाच एका बॉक्सच्या सिस्टिममध्येच मालवेअर सापडलं, म्हणजे नंतर कुणी टाकलेलं नाही, डब्यातून बाहेर काढतानाच आत होतं, फॅक्टरी रीसेट केलं तरी जात नाही. त्याच वर्षी पुढे बॅडबॉक्स नावाने मोठं प्रकरण बाहेर आलं, त्यातही असलेच स्वस्त बॉक्स होते. असा बॉक्स घरच्या वायफायवर बसतो, ज्या वायफायवर तुमचे बाबा फोनवरून बँकेचं बघतात. पैसे वाचवायची ही जागा नाही.

ओटीटीचं म्हणाल तर त्या कंपन्या व्हिडिओला कुलूप लावून पाठवतात, वाइडवाइन म्हणतात त्याला. त्याची एल1 पातळी डिव्हाइसला मिळालेली असेल तरच एचडी दिसतं, नाहीतर एल3 वर धुरकट 480 वर अडकतं. बिननावाच्या बॉक्सांना एल1 नसतो, पायलाही नाही, आणि लिनक्स घातलेल्या पीसीवर 4के मिळत नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे, ओटीटी हवं असेल तर त्यासाठी सर्टिफाइड स्टिक घ्या, फायर टीव्ही किंवा गूगल टीव्हीवाली, आणि घरच्या फायलींसाठी हा छोटा कॉम्प्युटर. दोन्ही कामं एकाच डब्यात कोंबायला गेलात की दोन्ही अर्धवट होतात. यूट्यूबचं ॲड-ऑन कोडीत आहे पण त्याला स्वतःची एपीआय की, म्हणजे गूगलकडून मिळणारा एक कोड, काढून घालावी लागते आणि अधूनमधून बंद पडतं, आईबाबांसाठी त्यावर विसंबू नका.

खटपट्या

रिमोटचं सांगतो. एचडीएमआय केबलमधूनच टीव्ही आणि बॉक्स एकमेकांना सूचना पाठवू शकतात, त्याला सीईसी म्हणतात. पायमध्ये हे मुळातच आहे, काही जोडावं लागत नाही. टीव्हीच्या रिमोटचे बाण, ओके आणि बॅक दाबले की कोडी त्याप्रमाणे चालतं. जुनाबाजार यांनी सांगितलेल्या पीसींमध्ये, एकूणच इंटेलच्या बहुतेक पीसींमध्ये, हे नसतं. त्यासाठी पल्स-एट कंपनीचा वेगळा यूएसबी ॲडॅप्टर लागतो, तो इकडे सहज मिळत नाही आणि मिळाला तरी सगळं बजेट खातो. तुमची अट बघता मी पीसीला इथेच बाजूला ठेवीन, मशीन म्हणून तो पायपेक्षा दणकट असला तरी.

आता बोर्ड घ्यायच्या आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधा. प्रत्येक कंपनीने सीईसीला आपलं नाव दिलंय, सॅमसंगला एनीनेट प्लस, एलजीला सिम्पलिंक, सोनीला ब्राव्हिया सिंक. बऱ्याच वेळा ते बंद करून ठेवलेलं असतं. मेनूत असं काहीच नसेल तर टीव्हीच्या मॉडेल नंबरवरून मॅन्युअल काढून खात्री करा. खरंच नसेल तर यूएसबी रिसीव्हर असलेला साधा वायरलेस रिमोट घ्यावा लागेल, म्हणजे एक रिमोट वाढेल. फोनवर कोरे नावाचं कोडीचंच अधिकृत ॲप आहे, ते तुमच्यासाठी चांगलं, आईंसाठी नाही.

सीईसी चालू झालं की कोडीत सेटिंग्ज, सिस्टिम, इनपुट, पेरिफेरल्स आणि त्यात सीईसी ॲडॅप्टर, इथे जाऊन दोन गोष्टी बदला. टीव्ही बंद केल्यावर काय करायचं तिथे इग्नोअर ठेवा. शटडाऊन ठेवलंत तर पाय झोपून जाईल आणि रिमोटने परत उठणार नाही, कुणीतरी मागे हात घालून पॉवर काढून लावावी लागेल. पाय चालूच राहू द्या, नुसता बसलेला असताना साधारण 3 वॉट घेतो, महिनाभर अखंड चालला तर दोन-सव्वादोन युनिट. दुसरं म्हणजे, चालू होताना टीव्ही जागा करायचा पर्याय असतो तो बंद करा. नाहीतर रात्री लाईट जाऊन आली की पाय चालू होणार आणि त्याबरोबर टीव्ही पण लागणार, रात्री अडीच वाजता घरात अचानक उजेड झाला तर वयस्कर माणसं घाबरतात.

आणखी एक, काही टीव्हींना असं होतं की टीव्ही बंद असताना पाय चालू झाला तर नंतर टीव्ही लावल्यावर चित्रच येत नाही. लिब्रइलेकमध्ये टीव्हीची माहिती कार्डावर साठवून ठेवायची कमांड आहे, गेटएडिड, ती एकदा चालवली की हा त्रास जातो. ज्या गावात लाईटचा भरवसा नाही तिथे हे पहिल्या दिवशीच करून ठेवावं.

घाटमाथा

मशीनचं ठरलं असं धरून मी व्हीसीडी-डीव्हीडीकडे वळतो, कारण पाय परत मिळेल, लग्नाची सीडी परत मिळणार नाही. रेकॉर्ड केलेल्या सीडीत डेटा रंगाच्या एका पातळ थरात असतो, तो उन्हाने, दमटपणाने, नुसत्या वयाने खराब होतो. तेव्हा मशीन यायच्या आधीच कॉपी करायला घ्या.

व्हीसीडी विंडोजमध्ये घातली की एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसतं, त्यात डॅट फायली असतात, त्या सरळ कॉपी होतात. लिनक्सवर मात्र सरळ कॉपी करताना एरर येतो, कारण व्हीसीडीचे व्हिडिओचे सेक्टर नेहमीच्या डेटा सीडीपेक्षा वेगळ्या प्रकारचे असतात, तिथे व्हीसीडीएक्सरिप नावाचा प्रोग्रॅम वापरायचा. डीव्हीडीचं पूर्ण व्हिडिओ_टीएस फोल्डर जसंच्या तसं उचला, आतल्या व्हीओबी फायली 1 जीबीच्या तुकड्यांत असतात त्यांना हात लावू नका, नावं बदलू नका. कोडी त्या फोल्डरला एक अख्खी डीव्हीडी समजून मेनूसकट चालवतं.

आणि कृपा करून यातलं काहीही एमपी4 करत बसू नका. गल्लीतले स्टुडिओवाले 'एचडी करून देतो' म्हणतात, पण व्हीसीडीचं चित्र मुळात 352 बाय 288 आहे, त्यात जे टिपलंच गेलं नाही ते कुठून आणणार. परत कॉम्प्रेस केल्याने आहे तेही कमी होतं, आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून गुळगुळीत चेहरा होतो आणि लोकांना वाटतं चित्र स्वच्छ झालं. मला याचं खूप वाईट वाटतं. मूळ फाइल ठेवा, कोडी ती चालवतंच.

टीव्हीवर बघताना दोन गोष्टी. जुना व्हिडिओ 4:3 आहे, तो 16:9 च्या टीव्हीवर ताणून भरू नका, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यात, व्ह्यू मोड नॉर्मल ठेवून तोच सगळ्यांसाठी डिफॉल्ट करा. डीव्हीडीचा व्हिडिओ इंटरलेस असतो, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी आड-एक आड बसवलेल्या, त्यामुळे कुणी भराभर चाललं की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. प्लेबॅक चालू असताना व्हिडिओ सेटिंगमध्ये डीइंटरलेस ऑटो ठेवलं की जातात.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असतो आणि हाच सेटअप नाशिकला आईवडिलांकडे आहे, म्हणून फोनच्या व्हिडिओंबद्दल लिहितो.

पाय 4 चं एक विचित्र आहे, एचईव्हीसी तो 4के पर्यंत हार्डवेअरवर चालवतो पण एच264, म्हणजे त्याआधीची जुनी पद्धत, फक्त 1080 पर्यंत. बरेच अँड्रॉइड फोन 4के व्हिडिओ एच264 मध्येच साठवतात आणि तो पायवर धक्के खात चालतो, मग लोक म्हणतात पाय बेकार आहे. टीव्ही फुल एचडीच आहे ना, मग घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की कॅमेरा 1080 वर ठेवा, किंवा सेटिंगमध्ये हाय एफिशियन्सी म्हणजे एचईव्हीसी चालू करा. आयफोनवाल्यांनी एचडीआर व्हिडिओ बंद ठेवावा, साध्या टीव्हीवर त्याचे रंग नीट येत नाहीत. आयफोनचे फोटो एचईआयसी असतात त्यासाठी कोडीत वेगळं ॲड-ऑन लागतं, त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये मोस्ट कम्पॅटिबल केलं की जेपीजी मिळतात. पण मग व्हिडिओ एच264 होतो, तेव्हा तो 1080 वरच ठेवायचा, 4के नाही.

लांबून नवीन व्हिडिओ पाठवायला मी सिंकथिंग वापरतो, लिब्रइलेकच्या ॲड-ऑनमध्येच आहे. इथे माझ्या लॅपटॉपवरच्या एका फोल्डरात व्हिडिओ टाकला की रात्रीत तो नाशिकच्या डिस्कवर जाऊन बसतो. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ फोनवर ठीक दिसतो पण 32 इंचावर फाटतो, कारण पाठवताना तो फार दाबला जातो. नातवाचं पहिलं पाऊल आजोबांनी मूळ क्वालिटीत बघावं यासाठी एवढी खटपट नक्की करण्यासारखी आहे.

आंबोली_धुकं

कोकणातल्या लोकांसाठी जोडतो. घरात व्हीएचएस कॅसेटी असतील तर आधी त्या बघा, सीडीपेक्षाही घाई त्यांची आहे. आमच्याकडच्या दमट हवेत टेपला पांढरी बुरशी धरते, कॅसेटच्या खिडकीतून आत बघितलं की रिळावर दिसते. तशी टेप तशीच व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडला बुरशी लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या टेपलाही. आधी साफ करून देणारा माणूस शोधा. छोट्या मिनीडीव्ही टेप असतील तर त्या कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने घ्या, तो डिजिटलच डेटा आहे, जसाच्या तसा उतरतो, तासाला साधारण 13 जीबी.

लाईटचं म्हणाल तर लिब्रइलेकची मूळ सिस्टिम फक्त वाचण्यापुरतीच उघडते, तिच्यात चालू असताना काही लिहिलं जात नाही, म्हणून अचानक लाईट गेली तरी ती सहसा बिघडत नाही. बिघडतो तो तुमच्या सेटिंगचा भाग. सगळं मनासारखं लावून झालं की लिब्रइलेकच्या सेटिंगमध्ये बॅकअपचा पर्याय आहे, त्याने होणारी फाइल डिस्कवरही ठेवा आणि स्वतःच्या लॅपटॉपवरही. कार्ड गेलंच तर नवीन कार्डावर अर्ध्या तासात परत सगळं पहिल्यासारखं. आणि राउटरसाठी जे छोटे यूपीएस मिळतात ते थेट पायला लावू नका हं, बहुतेक 12 व्होल्टचे असतात, पायला 5 लागतात.

डिस्क मात्र एकच ठेवू नका. टीव्हीमागची डिस्क ही बघण्याची कॉपी, मूळ दुसऱ्या डिस्कवर दुसऱ्या घरात.

ओगलेवाडी

मंडळी, टीव्हीत सीईसी निघालं, बंद होतं, चालू केलं. पाय 4 घेतला, कार्ड तयार केलं आणि सध्या माझ्याकडे पुण्यातल्या टीव्हीवर लावून बघतोय, दिवाळीत कऱ्हाडला नेणार. रिमोट पहिल्या फटक्यात चालला, खटपट्या, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

दोन अडचणी आहेत. फोल्डरांना मराठीत नावं दिली होती तर मेनूत चौकोन चौकोन दिसतात. आणि लग्नाची डीव्हीडी चालू केली की कॅमेरा मांडवावरून फिरतो तेव्हा चित्र बारीक बारीक झटके देत सरकतं, रेघा नाहीत, नुसते झटके. डीइंटरलेस ऑटोच आहे.

खटपट्या

झटक्यांचं कारण रिफ्रेश रेट आहे. आपल्याकडचे लग्नाचे व्हिडिओ पाल पद्धतीचे, सेकंदाला 25 फ्रेम, आणि तुमचा पाय टीव्हीला 60 हर्ट्झवर चित्र देतोय. 60 ला 25 ने पूर्ण भाग जात नाही, मग काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दाखवल्या जातात, कॅमेरा सावकाश फिरताना डोळ्याला तेच जाणवतं. सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओज मध्ये ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट आहे, तो ऑन स्टार्ट/स्टॉप करा. सेटिंगची पातळी स्टँडर्डवरून ॲडव्हान्स्ड केल्याशिवाय काही पर्याय दिसत नाहीत, ते डाव्या कोपऱ्यात खाली आहे. मग 25 चा व्हिडिओ लागला की टीव्ही स्वतः 50 वर जातो आणि चित्र लोण्यावरून गेल्यागत सरकतं. सुरुवातीला क्षणभर स्क्रीन काळी होते, ते आईंना आधीच सांगून ठेवा.

देवनागरीचं, स्किनच्या, म्हणजे कोडीच्या दिसण्याच्या, सेटिंगमध्ये फाँट एरियल बेस्ड करून बघा, पण जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसतीलच याची खात्री देत नाही. मी तर नावांवर अवलंबून राहायचंच सोडून देतो. प्रत्येक फोल्डरात एक फोटो टाकायचा आणि त्याचं नाव फोल्डर डॉट जेपीजी. कोडी तोच फोटो त्या फोल्डरचं चित्र म्हणून दाखवतं. बहिणीच्या लग्नाच्या फोल्डरावर बहिणीचा शालू नेसलेला फोटो, मुंजीवर मुंडण केलेला भाचा, कीर्तनांवर बुवांचा. चष्मा नसला तरी ओळखता येतं. फोल्डरचं नाव रोमनमध्ये, सुरुवातीला साल, म्हणजे क्रम आपोआप लागतो. सोर्स जोडताना कंटेंट नन ठेवा, नाहीतर कोडी तुमच्या घरच्या व्हिडिओला नेटवरच्या एखाद्या सिनेमाचं नाव आणि पोस्टर लावून मोकळं होतं.

मग हे चार-पाच फोल्डर फेव्हरिट्समध्ये घाला, इंटरफेस सेटिंगमध्ये स्टार्टअप विंडो फेव्हरिट्स करा, आणि स्किनच्या सेटिंगमध्ये जाऊन मुख्य मेनूतल्या नको त्या ओळी, हवामान, गेम्स, टीव्ही, रेडिओ, सगळ्या बंद करा. टीव्ही त्या इनपुटला नेला की समोर फक्त घरचे फोटो असलेले चौकोन दिसले पाहिजेत, दुसरं काही नाही.

ओगलेवाडी

रिफ्रेश रेटने झटके गेले! फोल्डर फोटोची कल्पना फारच आवडली, आज बसून करतो. आता फक्त मुंजीची व्हीसीडी राहिलीये, तिच्यावर ओरखडे आहेत, कॉपी अर्ध्यात अडकते आणि विंडोज एरर देऊन थांबतं.

घाटमाथा

आधी टूथपेस्ट वगैरे काही लावू नका, नेटवर सांगतात तसं. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं मधून कडेकडे सरळ, गोल फिरवायचं नाही, कारण ट्रॅक गोल आहेत आणि गोल ओरखडा सलग डेटा खातो. पूर्ण वाळू द्या. मग वेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एका ड्राइव्हला न वाचणारी सीडी दुसऱ्याला वाचता येणं हे नेहमीचं आहे, जुन्या डेस्कटॉपचे ड्राइव्ह लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा सहसा बरे निघतात.

तरीही अडकली तर विंडोजच्या कॉपीने होणार नाही, ते पहिल्या एररला सोडून देतं. आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर लागेल, जे न वाचलेल्या सेक्टरवर परत परत प्रयत्न करतं आणि नाहीच जमलं तर तेवढाच तुकडा सोडून पुढे जातं. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा. एमपीईजी1 मध्ये, म्हणजे व्हीसीडीच्या व्हिडिओ पद्धतीत, मधले तुकडे गेले तरी बाकीचा व्हिडिओ चालतो, त्या जागी अर्धा-एक सेकंद चौकड्या दिसतील आणि पुढे चित्र सावरतं. आणि सीडीची वरची, छापील बाजू नखाने किंवा पेनाने अजिबात खरवडू नका, डेटाचा थर त्याच बाजूला लागून असतो, खालच्या ओरखड्यापेक्षा वरचा जास्त घातक.

एवढं करून नाही निघाली तर इथेच सांगा, माझ्याकडे दोन जुने ड्राइव्ह आहेत, पुण्यात कोथरूडला आलात तर लावून बघू.